जंगल तुटते तेव्हा पाऊस कुठे जातो? अमेझॉनमधील पाणी आणि कार्बन यांचा एकत्र हिशेब

समुद्रापासून जसजसे आत जावे तसतसा पाऊस कमी होत जातो, हा आपल्याकडचा नेहमीचा अनुभव आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो आणि तेथून पूर्वेला शंभर किलोमीटरही दूर नसलेल्या फलटणला त्याचा दहावा हिस्सा पडला तरी वर्ष बरे गेले असे म्हणतात. या फरकात सह्याद्रीच्या भिंतीचा वाटा मोठा आहे हे खरे. पण मध्ये डोंगर नसता तरीही ढगांतले पाणी वाटेत सांडत सांडत केव्हा तरी संपलेच असते. दक्षिण अमेरिकेतील अमेझॉनच्या खोऱ्यात मात्र हे घडताना दिसत नाही. अटलांटिकच्या काठी, नदीच्या मुखाजवळ वसलेल्या बेलेम शहरात जितका पाऊस पडतो, जवळजवळ तितकाच तो अडीच हजार किलोमीटरांहून अधिक आत, पेरू देशातील इकितोस येथेही पडतो. वारा पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो, वाटेत जागोजागी पाऊस पाडतो, आणि तरीही त्याच्याजवळचे पाणी संपत नाही. हे पाणी येते कुठून, याचे उत्तर समजले की जंगलतोडीने नेमके काय बिघडते हेही पुष्कळसे समजते.

या उत्तराचे श्रेय प्रामुख्याने एनेआस सालाती या ब्राझिली शास्त्रज्ञाकडे जाते. १९७० च्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पावसाचे पाणी ठिकठिकाणी गोळा करून त्यातील ऑक्सिजनची समस्थानिके मोजली. सगळे पाणी एकाच वजनाचे नसते. बहुतेक रेणूंमधला ऑक्सिजन १६ वस्तुमानांकाचा असतो, परंतु हजारातल्या साधारण दोन रेणूंमध्ये तो १८ वस्तुमानांकाचा, म्हणजे जड असतो. पाऊस पडताना हे जड रेणू तुलनेने लवकर खाली येतात. त्यामुळे हवा जसजशी आत सरकते तसतसे तिच्यात उरलेले बाष्प हलके होत जायला हवे, आणि ते किती हलके व्हावे याचे गणित मांडता येते. प्रत्यक्षात आढळलेला फरक त्या गणितापेक्षा बराच कमी होता. याचा अर्थ असा की वाटेत पडून गेलेले जड पाणी पुन्हा वर जाऊन हवेला मिळत होते. जमिनीवरचे पाणी असे जड-हलके न निवडता वर पाठवण्याचे काम मुख्यतः झाडे करतात, कारण मुळांनी ओढलेले पाणी शेवटी पानांतून जवळपास सगळेच बाहेर पडते. उघड्या तळ्यावरून मात्र हलके पाणी आधी उडते आणि जड मागे राहते. खोऱ्यातला सुमारे निम्मा पाऊस असा फिरून आलेल्या पाण्याचा असावा, असे सालाती यांचे अनुमान होते. पुढील काळातील गणनांनी हा वाटा संपूर्ण खोऱ्यासाठी पाव ते एक तृतीयांश इतका धरला. आकडा कमी-जास्त झाला, पण मूळ मुद्दा टिकून राहिला: या जंगलाला पाऊस मिळतो, तसेच हे जंगल पाऊस घडवतेही.

आता एका पानाकडे पाहू. शालेय पुस्तकांत जलचक्र आणि कार्बनचक्र यांच्या आकृत्या वेगवेगळ्या पानांवर छापलेल्या असतात, आणि त्यामुळे ही दोन निरनिराळी चक्रे आहेत अशी समजूत आयुष्यभर टिकते. झाडाच्या पानात मात्र दोन्ही चक्रे एकाच दारातून ये-जा करतात. पानाच्या खालच्या बाजूला पर्णरंध्रे नावाची सूक्ष्म छिद्रे असतात. अन्न तयार करण्यासाठी झाडाला हवेतला कार्बन डायऑक्साइड हवा असतो, आणि तो आत घ्यायचा तर ही छिद्रे उघडावी लागतात. छिद्रे उघडली की आतला ओलावा बाहेर पडतो. हा सौदा वरवर पाहता फारच महागाचा आहे, कारण कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू मिळवताना झाडाचे पाण्याचे शेकडो रेणू खर्ची पडतात. झाडाच्या दृष्टीने हा निव्वळ तोटा; पण झाडाचा हा तोटा म्हणजेच जंगलावरचा ढग. म्हणून पाणी कमी पडले की झाड छिद्रे मिटून घेते आणि त्याच क्षणी त्याचे कार्बन घेणेही थांबते. जंगलतोडीचा पाण्यावरचा परिणाम आणि कार्बनवरचा परिणाम असे दोन स्वतंत्र अध्याय करण्याची पद्धत मला म्हणूनच अपुरी वाटते.

या व्यवहाराचा आवाका लक्षात यावा म्हणून थोडा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. अमेझॉनचे जंगल सुमारे ५५ लाख चौरस किलोमीटरांवर पसरले आहे, म्हणजे त्यात जवळपास अठरा महाराष्ट्र मावतील. या जंगलातून दररोज सरासरी साडेतीन मिलिमीटर, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरमागे साडेतीन लिटर पाणी वाफेच्या रूपाने हवेत जाते. ऐकायला हे एक-दोन कळशांहूनही कमी वाटते, परंतु संपूर्ण क्षेत्राने गुणले की रोजचे सुमारे १९ ते २० अब्ज टन पाणी होते. खाली वाहणारी अमेझॉन नदी समुद्रात दर सेकंदाला साधारण दोन लाख घनमीटर पाणी ओतते. आपल्या मापात सांगायचे तर १०५ टीएमसी क्षमतेचे कोयना धरण ती चार तासांच्या आसपास भरून टाकील. दिवसभराचा हा प्रवाह सुमारे १७ अब्ज टन भरतो. जगातील सर्वांत मोठ्या नदीतून जेवढे पाणी समुद्राकडे जाते त्याहून अधिक पाणी तिच्या डोक्यावरून, डोळ्यांना न दिसता, आकाशात जाते. ब्राझीलमध्ये या वाहत्या बाष्पाला ‘उडत्या नद्या’ असे नाव पडले आहे, आणि जेरार्ड मॉस या वैमानिकाने २००७ पासून लहान विमानातून या नद्यांचा माग काढत बाष्पाचे नमुने गोळा केले, तेव्हापासून हे नाव सामान्य लोकांच्याही तोंडी बसले.

पाणी वर नेण्यासाठी ऊर्जा लागते आणि ती सूर्याकडून येते. माठाच्या पृष्ठभागावरून पाणी उडते आणि आतले पाणी गार होते, हे आपण जाणतोच. जंगल हा तसाच एक प्रचंड माठ आहे. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण पाऊण युनिट विजेइतकी ऊर्जा खर्च होते, म्हणजे जंगलाचा प्रत्येक चौरस मीटर रोज जवळपास अडीच युनिट ऊर्जा निव्वळ पाणी उडवण्यात घालवतो. ही ऊर्जा नाहीशी होत नाही. ती बाष्पात अप्रकट उष्मा म्हणून दडून राहते आणि बाष्पाचे ढग होताना उंचावर मोकळी होते, ज्यामुळे हवा आणखी वर चढते आणि पाऊस आणखी जोमाने पडतो. झाडे काढून टाकल्यावर ऊन तेवढेच पडते, पण खर्चायला पाणी नसते. मग तीच ऊर्जा माती आणि तिच्यालगतची हवा तापवण्यात जाते. कोरड्या ऋतूत कुरणाचा पृष्ठभाग शेजारच्या जंगलापेक्षा कित्येक अंशांनी अधिक तापलेला असतो, तो यामुळेच. गवताचे कुरण जंगलापेक्षा फिकट असल्यामुळे ते थोडा अधिक प्रकाश परत फेकते हे खरे, पण त्याने होणारा गारवा या तापण्यापुढे फारच तोकडा ठरतो.

पाऊस नसलेल्या महिन्यांत जंगल पाणी आणते कुठून, हाही एक कुतूहलाचा विषय होता. डॅनियल नेपस्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्राझीलच्या पारा राज्यात पारागोमिनासजवळ जमिनीत खोल खड्डे खणून झाडांची मुळे कुठवर जातात ते पाहिले, तेव्हा ती आठ मीटरांच्याही खाली, काही ठिकाणी अठरा मीटरांपर्यंत गेलेली आढळली; त्यांचा हा निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. पावसाळ्यात मुरलेले पाणी ही झाडे उन्हाळ्यात खोलवरून उपसतात आणि आकाश निरभ्र असल्यामुळे काही भागांत कोरड्या महिन्यांत पावसाळ्याइतकेच, किंबहुना थोडे अधिकच पाणी हवेत सोडतात. आफ्रिकेतून आणून लावलेल्या ब्राकियारिया गवताची मुळे तुलनेने उथळ असतात. पाऊस थांबला की ते वाळते, आणि ज्या काळात हवेला ओलाव्याची सर्वांत जास्त गरज असते नेमक्या त्याच काळात पुरवठा आटतो.

ही वेळ महत्त्वाची का, हे दक्षिण अमेझॉनच्या पावसाळ्यावरून कळते. तेथे पावसाळा समुद्रावरचे ओले वारे पुरेसे पोचण्याच्या दोन-तीन महिने आधीच सुरू होतो, आणि हे कोडे बराच काळ सुटलेले नव्हते. उपग्रहांनी मोजलेल्या बाष्पातील समस्थानिकांच्या आधारे २०१७ मध्ये असे दाखवून देण्यात आले की कोरड्या ऋतूच्या अखेरीस नवी पालवी फुटलेली झाडे जे बाष्प सोडतात तेच हवेला उचलून धरते, पहिले पाऊस पाडते, आणि त्या पावसाने मोकळी झालेली ऊर्जा मग समुद्राकडचे वारे आत ओढून घेते. आपला मॉन्सून केरळच्या किनाऱ्यावर समुद्रातून येतो. तिथला पावसाळा काही अंशी जंगलातून निघतो आणि समुद्राला बोलावून घेतो. साहजिकच, जिथे हे जंगल मोठ्या प्रमाणावर गेले तिथे पावसाळा उशिरा सुरू होताना दिसतो. ब्राझीलच्या मातो ग्रोसो राज्यातील शेतकरी सोयाबीन काढून त्याच हंगामात, त्याच शेतात मक्याचे दुसरे पीक घेतात. ही दुबार पेरणी पावसाळा किती लांब टिकतो यावर सर्वस्वी अवलंबून असते, त्यामुळे पाऊस दोन आठवडे लांबला तरी मका धोक्यात येतो. जंगल तोडून मिळवलेल्या शेताची शाश्वती उरलेल्या जंगलावर असावी, यातला विरोधाभास तिथल्या काही शेतकऱ्यांच्या लक्षात येऊ लागला आहे.

ढग होण्यासाठी बाष्पाबरोबर धूलिकणांसारखे बारीक कणही लागतात, ज्यांच्याभोवती पाण्याचे थेंब जमतात. स्वच्छ ऋतूत अमेझॉनवरची हवा इतकी निर्मळ असते की तिला शास्त्रज्ञांनी ‘हिरवा महासागर’ म्हटले आहे. आणि तिच्यातले थोडेथोडके कणही बव्हंशी जंगलानेच पुरवलेले असतात. झाडे आयसोप्रीनसारखी चटकन उडून जाणारी संयुगे सोडतात, ती हवेत बदलून कणरूप होतात. शिवाय बुरशीचे बीजाणू आणि परागकण असतातच. थोडे कण आणि भरपूर बाष्प असे प्रमाण असले की थेंब मोठे होतात आणि लवकर पडतात. जंगल जाळताना उठणाऱ्या धुराने हे प्रमाण उलटे होते. कण अतोनात वाढतात, तेवढेच पाणी असंख्य बारीक थेंबांत वाटले जाते, आणि ते थेंब पडण्याइतके जड होतच नाहीत. आग लावल्याने पाऊस लांबतो आणि पाऊस लांबल्याने आग अधिक पसरते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, कारण तिच्यामुळेच या विषयावर अनेकदा वाद होतात. जंगल तोडले की पाऊस सर्वत्र आणि लगेच कमी होतो, असे नाही. रोंडोनिया राज्यात बीआर-३६४ हा महामार्ग १९८० च्या दशकात डांबरी झाला आणि त्याला फुटलेल्या आडव्या रस्त्यांच्या कडेने जंगल तुटत गेले. उपग्रहाच्या चित्रांत ही तोड माशाच्या काट्यासारखी दिसते. सुरुवातीच्या काळात, जेव्हा मोकळ्या पट्ट्या काही किलोमीटर रुंदीच्याच होत्या, तेव्हा त्यांच्यावर ढग अधिक जमताना आढळले. तापलेल्या पट्टीवरची हवा वर उठते, तिची जागा घ्यायला शेजारच्या जंगलातली दमट हवा येते आणि दुपारी तिथे ढग जमतो, एवढे साधे त्याचे कारण आहे. परंतु या पट्ट्या रुंदावून एकमेकींना मिळाल्या की उसने बाष्प द्यायला शेजारी जंगलच उरत नाही. मग सपाट कुरणावरून वारा न अडता निघून जातो, आणि तुटलेल्या भागाच्या एका बाजूचा पाऊस घटून दुसऱ्या बाजूला सरकतो. तोड आणखी वाढली की एकूण पाऊसच कमी होऊ लागतो. उष्ण कटिबंधातील तिन्ही खंडांच्या जंगलांचा उपग्रहांच्या नोंदींवरून झालेला आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यासही हेच सांगतो: पन्नास किलोमीटरांहून मोठ्या पट्ट्यांवर पाहिले असता जंगल घटल्यावर पाऊस निश्चितपणे घटलेला दिसतो आणि दोनशे किलोमीटरांच्या पट्ट्यांवर ही घट सर्वांत जास्त असते. म्हणून आपल्या गावाशेजारची टेकडी बोडकी झाली तरी पाऊस तेवढाच आहे, हा युक्तिवाद चुकीचा नसला तरी तो चुकीच्या मापपट्टीवर केलेला असतो.

नद्यांच्या बाबतीतही अशीच एक फसगत होते. जंगल तुटल्यावर नदीचे पाणी आटेल असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात ते बऱ्याचदा वाढते. पूर्व अमेझॉनच्या कडेने वाहणाऱ्या तोकांतिन्स नदीच्या वरच्या खोऱ्यात १९४९ ते १९६८ आणि १९७९ ते १९९८ या दोन कालखंडांची तुलना केली गेली. मधल्या काळात तिथे शेती आणि कुरणे खूप वाढली होती, पावसात विशेष फरक नव्हता, आणि तरीही नदीचा सरासरी प्रवाह जवळपास एक चतुर्थांशाने वाढलेला आढळला. कारण उघड आहे: जे पाणी झाडांनी वर पाठवले असते ते आता उतारावरून नदीत येत होते, आणि गुरांच्या पायांनी घट्ट झालेल्या जमिनीत ते मुरतही नव्हते. नदीकाठच्या माणसाला ही बरकत वाटेल. पण हे पाणी पुढच्या गावाला पाऊस म्हणून मिळायचे होते, ते फिरणे सोडून थेट समुद्राला गेले. पुढच्या गावाचा पाऊस त्यामुळे कमी झाला की त्याच्या नदीतला प्रवाहही अखेर उतरतो. म्हणजे लहान खोऱ्यात वाढ आणि मोठ्या खोऱ्यात घट, असे दोन्ही परिणाम एकाच वेळी खरे असू शकतात.

हे पुढचे गाव किती दूर असू शकते? अमेझॉनवरून पश्चिमेकडे गेलेले दमट वारे अँडीज पर्वताला धडकतात आणि त्याच्या कडेकडेने दक्षिणेकडे वळतात. तिथून ते बोलिव्हिया, पॅराग्वे, दक्षिण ब्राझील आणि उत्तर अर्जेंटिना या प्रदेशांत, म्हणजे ला प्लाता नदीच्या खोऱ्यात पाऊस पाडतात. साओ पावलो शहराला पाणी पुरवणारे कांतारेरा जलाशय २०१४-१५ मध्ये तळाला गेले तेव्हा अनेकांनी त्याचा दोष थेट अमेझॉनच्या जंगलतोडीला दिला. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो; त्या वर्षी घुमटासारखा पसरलेला उष्ण हवेचा थर दीर्घकाळ ठाण मांडून बसला होता आणि शहराची पाण्याची मागणीही वाढलेली होती. एका वर्षाच्या दुष्काळाचा दोष एकाच कारणावर टाकणे अवघड असते. परंतु त्या प्रदेशाच्या पावसातला काही हिस्सा जंगलावरून येतो, यात शंका नाही.

आता कार्बनकडे वळू, पण आधी एक गैरसमज बाजूला सारू. अमेझॉन ही जगाची फुप्फुसे आहेत आणि ती जगाचा वीस टक्के ऑक्सिजन पुरवतात, असे वर्तमानपत्रांत वारंवार छापून येते. झाडे दिवसा जेवढा ऑक्सिजन सोडतात जवळपास तेवढाच त्यांचे स्वतःचे श्वसन आणि पालापाचोळा कुजवणारे जीव मिळून वापरून टाकतात, त्यामुळे निव्वळ शिल्लक शून्याच्या आसपासच राहते. अमेझॉन उद्या नाहीसे झाले तरी श्वासाला ऑक्सिजन कमी पडणार नाही. धोका आहे तो तिथे साठलेल्या कार्बनचा. या जंगलातील झाडे आणि माती मिळून १५० ते २०० अब्ज टन कार्बन धरून आहेत. जगभरातला कोळसा, तेल आणि वायू जाळून सध्या वर्षाला सुमारे दहा अब्ज टन कार्बन हवेत जातो, म्हणजे ही पंधरा ते वीस वर्षांची पुंजी आहे. फुप्फुसांपेक्षा तिजोरीची उपमा इथे अधिक चपखल बसते.

वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बन असतो. दाट जंगलाच्या एका हेक्टरमध्ये, म्हणजे अडीच एकरांत, साधारण दीडशे टन कार्बन झाडांच्या रूपात उभा असतो, आणि हवेत गेल्यावर ऑक्सिजनशी संयोग होऊन त्याचे साडेपाचशे टन कार्बन डायऑक्साइड होते. तिथे कुरण केले तर गवतात त्याचा फार थोडा अंश उरतो. तोड सहसा पावसाळा संपता संपता सुरू होते. यांत्रिक करवतींनी झाडे आडवी केली जातात, उन्हाने वाळू दिली जातात आणि कोरड्या ऋतूच्या अखेरीस पेटवली जातात. पहिल्या आगीत सगळे जळत नाही. जाड खोडे अर्धवट जळून पडून राहतात आणि पुढची कित्येक वर्षे कुजत, हळूहळू कार्बन सोडत राहतात, त्यामुळे ज्या वर्षी तोड थांबली त्याच वर्षी उत्सर्जन थांबत नाही. राखेतल्या खतावर गवत दोन-चार वर्षे चांगले येते; मग तिथली मूळचीच निकृष्ट माती उघडी पडते, कारण या जंगलाची सुपीकता जमिनीपेक्षा झाडांत आणि पाचोळ्यात असते.

न तोडलेल्या जंगलाचेही नुकसान होते, ते कडांमुळे. मानाउस शहराच्या उत्तरेला थॉमस लव्हजॉय यांनी १९७९ मध्ये एक विलक्षण प्रयोग सुरू केला. कुरणांसाठी जंगल तुटणारच होते, तेव्हा त्यात एक, दहा आणि शंभर हेक्टरांचे तुकडे मुद्दाम शिल्लक ठेवून त्यांचे काय होते ते वर्षानुवर्षे मोजायचे, अशी ती कल्पना होती. शतकानुशतके सावलीत आणि दमट हवेत वाढलेल्या झाडांना कडेला आल्यावर कोरडा वारा आणि ऊन सोसवत नाही, आणि त्यातही सर्वांत मोठी झाडे, ज्यांत सर्वाधिक कार्बन असतो, तीच आधी कोसळतात. कडेपासून शंभर मीटरांच्या आतल्या काही भागांनी पहिल्या दहा ते सतरा वर्षांत आपल्या जैवभाराचा, म्हणजे झाडांच्या एकूण वजनाचा, तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग गमावला. नकाशावर हिरवा दाखवलेला प्रत्येक तुकडा म्हणजे साबूत जंगल असे समजणे किती चुकीचे आहे, हे या नोंदींनी दाखवले.

पाणी आणि कार्बन एकमेकांना कसे ओढतात हे दुष्काळात सर्वांत स्पष्ट होते. २००५, २०१० आणि २०१५-१६ मध्ये अमेझॉनला तीव्र दुष्काळ पडले, आणि २०२३-२४ चा दुष्काळ त्यांच्याही पुढे गेला. मानाउसच्या बंदरात रिओ नेग्रो नदीच्या पातळीची नोंद १९०२ पासून ठेवली जाते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती १२.७० मीटर इतकी, त्या नोंदीतली नीचांकी ठरली आणि पुढच्याच वर्षी १२.११ मीटरांवर उतरून तिने तोही नीचांक मोडला. तेफे सरोवराचे पाणी इतके तापले की नदीतले शेकडाहून अधिक डॉल्फिन मेले. या दुष्काळांमागे मुख्यतः एल निनो आणि उत्तर अटलांटिकचे तापलेले पाणी असते. जंगलतोड त्यांना सुरुवात करून देत नाही, पण जंगल तुटलेले असले की कोरडेपणा सावरायला खोल मुळांची ती उपसा-व्यवस्था उरत नाही. उभी झाडे पर्णरंध्रे मिटतात, कार्बन घेणे थांबवतात, काही वाळून मरतात, आणि जे जंगल एरवी ओलेपणामुळे पेटतच नाही त्यात कुरणातली आग शिरते. शेकडो कायमस्वरूपी नोंद-क्षेत्रांतील झाडांच्या मोजमापावरून २०१५ मध्ये असे दिसून आले की १९९० च्या दशकात न तोडलेले जंगल जेवढा कार्बन शोषत होते त्याच्या तुलनेत पुढच्या दशकात ते सुमारे तीस टक्के कमी शोषू लागले होते.

मग तिजोरीत सध्या भर पडते आहे की गळती लागली आहे? याचे थेट मोजमाप ब्राझीलच्या इन्पे या अवकाश संशोधन संस्थेच्या लुसियाना गाती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. २०१० ते २०१८ अशी नऊ वर्षे त्यांनी चार ठिकाणांवर लहान विमाने चक्राकार उतरवत साडेचार किलोमीटर उंचीपासून खालपर्यंतच्या हवेचे नमुने घेतले. असे ५९० वेळा केले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष अस्वस्थ करणारा होता. पश्चिमेकडचे, बव्हंशी अखंड जंगल साधारण समतोल राखून होते, तर आग्नेय भाग, जिथे तोड सर्वाधिक झाली आहे, तो आगीतून गेलेला कार्बन वजा केल्यावरही घेण्यापेक्षा अधिक कार्बन सोडत होता. म्हणजे तिथे उभे असलेले जंगलही तोट्यात चालले होते. त्याच भागात ऑगस्ट ते ऑक्टोबर या कोरड्या महिन्यांचे तापमान चार दशकांत दोन अंशांहून अधिक वाढले होते आणि पाऊस घटला होता.

यावरूनच त्या उंबरठ्याची चर्चा निघते, जो ओलांडल्यावर पाऊस जंगलाला पुरणार नाही आणि जंगल आपणहून विरळ गवताळ रानात बदलत जाईल. लव्हजॉय आणि कार्लोस नोब्रे यांनी २०१८ मध्ये हा उंबरठा एकूण जंगलाच्या २० ते २५ टक्के तोडीवर असावा, असे मत मांडले. आजवर सुमारे १७ टक्के जंगल गेले आहे. एकट्या ब्राझीलमध्ये गेलेले क्षेत्र आठ लाख चौरस किलोमीटरांच्या घरात, म्हणजे अडीच महाराष्ट्रांएवढे आहे. २० हा आकडा लक्ष्मणरेषेसारखा वापरणे मला पटत नाही, कारण तोड कुठे झाली यावर बरेच काही अवलंबून आहे: वाऱ्याच्या वाटेवर, पूर्वेला झालेली तोड पश्चिमेकडच्या मोठ्या भागाचा पाऊस हिरावते, तर पश्चिम टोकाला झालेल्या तोडीची झळ जंगलाऐवजी अधिककरून दक्षिणेकडच्या शेतांना बसते. शिवाय आग्नेय कोपरा तो उंबरठा ओलांडत असताना वायव्य कोपरा शाबूत असू शकतो. तोडीचा वेग मात्र धोरणाने बदलतो, हे ब्राझीलनेच दाखवले आहे. इन्पेच्या नोंदींनुसार २००४ मध्ये सुमारे २७,८०० चौरस किलोमीटर असलेली वार्षिक तोड २०१२ मध्ये ४,६०० वर आली, २०२१ मध्ये पुन्हा १३,००० च्या वर गेली आणि २०२४ मध्ये ६,३०० च्या आसपास उतरली.

सोडून दिलेल्या कुरणावर जंगल पुन्हा उगवते, आणि तेव्हा दोन्ही चक्रे वेगवेगळ्या चालीने परत येतात. वेगाने वाढणारी कोवळी झाडे काही वर्षांतच जुन्या जंगलाच्या जवळपास जाईल इतके पाणी हवेत सोडू लागतात. कार्बनला मात्र घाई जमत नाही. लॅटिन अमेरिकेतील अशा जंगलांच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार जुन्या जंगलाच्या जैवभाराच्या नव्वद टक्क्यांपर्यंत पोचायला साधारण ६६ वर्षे लागतात. अमेझॉनमध्ये असे पुन्हा उगवलेले रान बऱ्याचदा वयाची वीस वर्षेही पुरी होण्याआधी पुन्हा साफ केले जाते. तोवर त्याच्यावर ढग जमू लागलेले असतात, पण खोडांत अजून फारसे काही साठलेले नसते.